चार नंबर बघ

या सदरातले अनुभव मी वाचायला घेते आणि बहुतेक वेळा अर्ध्यावर सोडते. कोणाला घाटात बाई दिसते, कोणाला विहिरीतून हाक येते... माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आज आहे का, तेही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. माझ्या बाबतीत जे घडलं त्यात कोणी दिसलं नाही, कसला आवाज आला नाही. सगळं भरदुपारी, ट्यूबलाइटच्या उजेडात, प्रिंटरच्या कागदावर घडलं. इतकी वर्षं मी ते लिहिलं नाही, कारण सांगायला बसलं की आधी कॉम्प्युटर समजावून द्यावा लागतो आणि तोवर ऐकणारा चहाला उठतो. तरी प्रयत्न करते.

नव्व्याण्णव साल. मी पेणला राहायचे आणि रोह्याच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत कंत्राटावर प्रोग्रॅमर होते. कंपनीचं नाव देत नाही. पहाटे उठून डबे, मुलाची तयारी, त्याला सासूबाईंच्या ताब्यात देऊन स्टेशन गाठायचं. मग पॅसेंजरने कासू, नागोठणे, निडी करत रोहा, आणि तिथून रिक्षा. संध्याकाळी तेच उलटं. त्या वर्षी मी सतत दमलेली असायचे. झोप झाली तरी दमलेली. हे मुद्दाम आधीच सांगते, म्हणजे तुम्हाला शेवटी 'बाईला भास झाला असेल' असं वाटलं तर मला राग येणार नाही. मलाही तसं वाटून झालेलं आहे.

त्या वर्षी सगळ्या कंपन्यांना दोन हजार सालाची धास्ती होती. तारखेत शेवटचे दोनच आकडे ठेवणारे जुने प्रोग्रॅम एक जानेवारीला गोंधळ घालतील म्हणून ते तपासायचे होते. आमच्या प्लँटच्या कंट्रोल रूममध्ये एक प्रोग्रॅम चालायचा. रिअ‍ॅक्टर म्हणजे रसायन शिजवायची मोठी बंद भांडी. अशा सहा रिअ‍ॅक्टरचा ताप तो दर दहा सेकंदांनी वाचायचा आणि काही जास्त झालं की भोंगा वाजवायचा. तो लिहिला होता म्हात्रे काकांनी. मी त्यांना कधी भेटले नाही. ते गडबचे, इन्स्ट्रुमेंट खात्यात साधे टेक्निशियन म्हणून लागलेले, आणि सी भाषा पुस्तकं आणून स्वतः शिकलेले. मी कामाला लागायच्या आधीच, मे महिन्यात, घरीच आठवडाभर आजारी राहून वारले.

प्रोग्रॅमचा कागद एकही नव्हता. होता तो नुसता कोड, आणि त्यातली नावंसुद्धा इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी. 'ताप घे', 'पाणी बघ', 'भोंगा वाजव'. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू आलं. पण आठवडाभर वाचल्यावर त्या माणसाची सवय झाली. नीटनेटका कोड होता. कुठे घाई नाही, कुठे दिखावा नाही.

प्लँट मॅनेजर देवधर साहेबांनी मला काम दिलं ते असं — यातलं काय खरंच चालतं आणि काय नुसतं पडून आहे, याची यादी करा. पडून असेल ते काढून टाका.

आता थोडं समजून घ्या. सी प्रोग्रॅम म्हणजे कामं वाटून घेतलेली एक टोळी. एकेका कामाला फंक्शन म्हणतात. मुख्य फंक्शन एकाला हाक मारतं, ते दुसऱ्याला, आणि काम झालं की प्रत्येक जण ज्याने हाक मारली त्याच्याकडे परत येतो. त्या वर्षी जीसीसी नावाच्या कंपायलरच्या, म्हणजे कोडवरून चालता प्रोग्रॅम तयार करणाऱ्या साधनाच्या, नव्या आवृत्तीत एक सोय आली होती. प्रोग्रॅम तयार होतानाच कंपायलर प्रत्येक फंक्शनच्या दारात जणू एक वॉचमन बसवतो. कोणी आत शिरलं की नोंद, बाहेर पडलं की नोंद. कोणाला हाक मारली आणि ती कुठून आली, दोन्हींचे मेमरीतले पत्ते मिळतात. पत्त्यावरून नाव शोधायचं काम आपलं.

मी त्या नोंदी वेळेसकट फाईलमध्ये उतरवायला लावल्या. कोणी आत शिरलं की पुढच्या ओळी एक पायरी उजवीकडे सरकायच्या, बाहेर पडलं की एक पायरी डावीकडे. त्यामुळे कागद बघितला की जिन्यावरून कोणीतरी सारखं चढ-उतर करतंय असं दिसायचं. दहा सेकंदांच्या दर चक्राच्या शेवटी सगळे उतरून ओळ पुन्हा समासाला. हजारो ओळी, सगळ्या सारख्या. त्या चाळायला मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. तो फक्त वेगळं काही असेल ते छापायचा.

तिसऱ्या दिवशी त्याने एक ओळ छापली.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. फंक्शनचं नाव 'चार नंबर बघ'. आत शिरल्याची नोंद. बाहेर पडल्याची नोंद नाही. तिथून पुढे दिवसभराच्या सगळ्या ओळी एक पायरी उजवीकडे.

मी कोड उघडला. 'चार नंबर बघ' हे फंक्शन होतं, पण त्याला कोणीच हाक मारत नव्हतं. सगळ्या फाईली शोधल्या, कुठेही नाव नाही. चार नंबरच्या रिअ‍ॅक्टरभोवती जे थंड पाणी फिरतं त्याचा प्रवाह वाचायचं ते काम होतं. त्याच्या डोक्यावर म्हात्रे काकांनी एक ओळ लिहून ठेवली होती — सेन्सर काढला आहे, रोज जाऊन बघणे. ती मी वाचली आणि पुढे गेले. जुन्या कोडमध्ये असल्या सूचना खंडीभर असतात.

हाक कुठून आली तो पत्ता पाहिला. तो प्रोग्रॅमच्या हद्दीतला नव्हताच. गावाबाहेरचा म्हणा.

प्रोग्रॅमरला अशा वेळी भूत आठवत नाही. मला आठवलं ते मेमरी बिघडणं. कुठेतरी चुकीच्या जागी काहीतरी लिहिलं जातं आणि प्रोग्रॅम भलतीकडे उडी मारतो. पण तसं झालं तर तो पुढच्या क्षणी कोसळतो. हा शांतपणे ताप वाचत होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन दहाला तीच ओळ. तिसऱ्या दिवशीही. ठरावीक वेळी काही चालू करणारं मशीनमध्ये दुसरं काही नव्हतं, ते मी दोनदा तपासलं. हाच प्रोग्रॅम ऑफिसातल्या दुसऱ्या पीसीवर चालवला, तर तिथे ओळ येईना. फक्त कंट्रोल रूममध्ये.

शनिवारी सकाळी मी ते फंक्शन सूचनेसकट खोडून टाकलं. प्रोग्रॅम नव्याने तयार करून चालू केला आणि दुपारच्या गाडीने घरी आले. विषय संपला असं वाटलं. रविवारी मुलाला ताप होता, कंपनीची आठवणही झाली नाही.

सोमवारी फाईल उघडली. शनिवारी दोन दहाला एक ओळ, रविवारी दोन दहाला एक ओळ. नावाच्या जागी प्रश्नचिन्हं, कारण त्या पत्त्यावर आता कोणतंही फंक्शन नव्हतं. आत शिरल्याची नोंद होती, बाहेर पडल्याची नाही. सगळा कागद दोन पायऱ्या उजवीकडे.

मला भीती वाटली असं लिहिलं तर खोटं होईल. मला रडू यायला लागलं. काम उरकत नाही याचं रडू. नसलेल्या दारातून कोणीतरी आत जात होतं आणि देवधर साहेबांना मी अहवाल काय देणार होते?

बुधवारपर्यंत पाच पायऱ्या झाल्या. प्लँटमध्ये आता बॅच, म्हणजे रसायनाचा एक घाणा, चालू होती, त्यामुळे प्रोग्रॅम बंद करायची परवानगी नव्हती. गुरुवारी दुपारी मी फाईल डोळ्यांसमोर ठेवून कंट्रोल रूममध्येच बसले. पहिली पाळी गेली, दुसरी आली. ऑपरेटर घरतमामा आले. खांबचे, पन्नाशीचे, रोज सायकलवर यायचे. दोन दहा झाले आणि माझ्यासमोर स्क्रीनवर ओळ पडली. सहा पायऱ्या.

मी विचारलं, "घरतमामा, दोन दहाला प्लँटमध्ये काय होतं? एखादा पंप चालू होतो? मोठी मोटर?"

"दोन धाला?" त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "काय नाय होत. दोनला पाळी बदलते, तेवढाच."

"काहीच नाही?"

ते डबा ठेवत होते. ठेवता ठेवता थांबले. "आता नाय होत. पयले म्हात्रे भाऊ जायचे ना."

"कुठे?"

"चार नंबरला. पाळी बदलली की रजिस्टरवर सही करायचे आन् खाली उतरायचे. त्याचा सेन्सर खराब झालेला, नवीन काय आला नाय. मग हे पानी परत येतो त्या पायपाला हात लावून बघायचे. पानी धावतो तवा पायप हाताला थरथरतो. पाच मिन्टात परत यायचे. पाऊस असो, काय असो."

"किती वर्षं?"

"तीन-चार तरी."

"आणि आता कोण जातं?"

घरतमामा खाली बघून म्हणाले, "कोन नाय."

मी त्यांना स्क्रीनवरच्या ओळीबद्दल काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "आत्ता जाऊ या का?" त्यांनी का म्हणून विचारलं नाही.

चार नंबर प्लँटच्या मागच्या अंगाला होता. लोखंडी जिना, वर उग्र वास. बॅच आत शिजत होती. घरतमामांनी पाण्याच्या परतीच्या पाइपवर तळवा टेकवला आणि तसेच उभे राहिले. मग दुसरा हात लावला.

"मॅडम, तुमी लावा."

मी लावला. पाइप कोमट होता. आणि गप्प होता. अजिबात थरथर नाही. शेजारच्या पाच नंबरच्या पाइपला हात लावला तर तो मांजरासारखा गुरगुरत होता.

घरतमामा पळाले. त्या वयाचा माणूस जिन्यावरून तसा पळताना मी पाहिला नव्हता. त्यांनी चार नंबरला जाणारं रसायन बंद केलं आणि फोन केला. नंतर पाण्याच्या लाइनवरची जाळी उघडली तर ती गाळाने आणि गंजाच्या पापुद्र्यांनी जवळजवळ बुजलेली होती. पाणी नुसतं झिरपत होतं. आतला ताप दाखवणारा सेन्सर ठीक होता, आणि ताप अजून चढलाही नव्हता. पण त्या रसायनाचा ताप एकदा चढायला लागला की भोंगा वाजेपर्यंत हाताशी फार वेळ उरत नाही, असं देवधर साहेबच म्हणाले. त्या पाळीला प्लँटमध्ये चाळीसेक माणसं होती.

काही झालं नाही, इतकंच झालं. स्फोट नाही, आग नाही. एक बॅच फुकट गेली.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. तेही थकलेले होते, तीन दिवसांची दाढी. "तुम्ही तिकडे कशा गेलात?"

"सहज," मी म्हटलं. "कोड वाचताना म्हात्र्यांची एक सूचना दिसली होती. रोज जाऊन बघणे."

हे खरंच होतं. म्हणून तर आजवर स्वतःलाही हेच सांगत आले. सूचना वाचली, डोक्यात कुठेतरी राहिली, गेले. पण मी ती सूचना खोडून टाकली होती, हे साहेबांना सांगितलं नाही.

मला वाटलं होतं, आता ओळ थांबेल. गोष्टींत थांबते. शुक्रवारी दोन दहाला सहाव्या पायरीच्या खाली सातवी आली. शनिवारी आठवी.

रविवारी मी गडबला गेले. घरी सांगितलं, ऑफिसचं काम आहे. हायवेला उतरून भाताच्या खाचरांमधून आत चालत गेले. कापणी उरकलेली होती. म्हात्रे काकू अंगणात सुपात डाळ पाखडत होत्या. मी म्हटलं, मी कंपनीतून आले, काकांचा प्रोग्रॅम आता मी बघते. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"बस गो. पानी पी."

मला काय विचारायचं होतं ते मलाच ठाऊक नव्हतं. मी जाळीची हकीकत सांगितली. काकांच्या सूचनेमुळे वेळेवर कळलं, लोक वाचले, एवढंच. ओळींचं बोलले नाही. काकू ऐकत होत्या. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही.

मग म्हणाल्या, "आजारी होते तवा आठ दिस ह्याच खाटेवर. दोन वाजले की बोलायचे, मी जातो. मी बोलायची, कुठं जाता, कंपनीत दुसरी मानसं नाय? तर बोलायचे, हायत, पन कोनाला सांगितलाच नाय मी. सांगायचा राह्यला."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"लय दमलेले गो ते," काकू म्हणाल्या. "तुमी कोनाला तरी सांगा. जायला लावा रोज. आता त्यांना कशाला तरास."

त्या शेवटच्या वाक्याचा अर्थ मी विचारला नाही. सूचना काकांची, आठवण काकांची, म्हणून तसं म्हणाल्या असतील. चहा घेऊन मी निघाले.

सोमवारी दुपारी घरतमामा आले तशी मी त्यांना म्हटलं, "मामा, चार नंबरला रोज जायचं. नवा सेन्सर बसेपर्यंत. तुम्ही नसाल त्या दिवशी दुसऱ्याला सांगून जायचं. म्हात्रे काकूंचा निरोप आहे."

घरतमामांनी मान हलवली. "मीच जायाला पायजे होता कवाच," म्हणाले. रजिस्टरवर सही केली आणि खाली उतरले. मी स्क्रीनसमोर बसले. रविवारची धरून नऊ ओळी झाल्या होत्या. कागदाची उजवी कड गाठायला आलेला मजकूर.

दोन दहा झाले. ओळ आली नाही.

दोन अकरा. बारा. तेरा. दर दहा सेकंदांनी 'ताप घे' आत, बाहेर. 'पाणी बघ' आत, बाहेर. सगळं नऊ पायऱ्या उजवीकडे.

दोन पंधराला जिन्यावर घरतमामांची चाहूल लागली. ते दारात आले, हात पुसत. "धावतो पानी. चांगला धावतो."

आणि स्क्रीनवर बाहेर पडल्याच्या नोंदी आल्या. एकाखाली एक, एकाच सेकंदात, नऊ. नावाच्या जागी प्रश्नचिन्हं. दर ओळीगणिक एक पायरी डावीकडे. त्यानंतरची 'ताप घे' समासाला टेकलेली होती.

मी तो कागद छापून घेतला. घरतमामांनी खांद्यावरून पाहिलं आणि विचारलं, "काय झाला?"

"काही नाही," मी म्हटलं. "सगळे बाहेर आले."

ते फंक्शन पुन्हा कधी दिसलं नाही. मी तिथे होते तोवर रोज फाईल पाहिली. दोन हजार साल आलं, प्रोग्रॅम नीट चालला. फेब्रुवारीत चार नंबरला नवा सेन्सर बसला. त्याचं फंक्शन मी पुन्हा लिहिलं, नाव तेच ठेवलं, आणि मुख्य फंक्शनमधून त्याला रीतसर हाक मारली. दर दहा सेकंदांनी आत, बाहेर. बिनतक्रार.

या क्षेत्रातल्या तिघांना मी हे सांगितलं आहे. एक म्हणाला मेमरी बिघडली. मग त्याच प्रोग्रॅममध्ये दुसरं काहीच कसं बिघडलं नाही? दुसरा म्हणाला, नोंदी लिहिणारा तुझाच कोड चुकला असेल. तो बारा ओळींचा होता आणि मी तो त्यालाच दाखवला. त्याला चूक सापडली नाही. तिसरी माझी मैत्रीण. ती म्हणाली, तू त्या वर्षी फार दमली होतीस. ते खरं आहे. पण दमल्यामुळे प्रिंटर चुकीचं छापत नाही. स्पष्टीकरण मला तेव्हा सापडलं नाही, आजही नाही.

त्या उन्हाळ्यात मला मुंबईला नोकरी लागली. शेवटच्या दिवशी टेबल आवरत होते, तेव्हा घरतमामा निरोप द्यायला आले. इकडचं तिकडचं बोलले, मुलाची चौकशी केली. जाताना दारात थांबून म्हणाले, "मॅडम, तुमी चालल्या. तुमच्या डोक्यात काय काय असेल ना इथला, कोनाला नाय म्हाईत असा. ते कोनाला सांगितलाव का?"

मी आवरणं थांबवलं. खुर्ची ओढून बसले, कोरा कागद घेतला आणि आठवेल ते लिहायला लागले. त्या दिवशी माझी गाडी चुकली.